मायट्रल मावशी

गेल्या वर्षी परीक्षांच्या दिवसांत, मुंबईतल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्री वॉर्डात, माझ्या नणंदेच्या हृदयातला लहानपणापासूनचा एक आवाज सकाळी थांबला आणि दुपारी परत आला. मधल्या वेळात तो ज्यांना ऐकू आला नाही त्यांच्यात दोन प्राध्यापक होते, माझा मुलगा होता आणि शेवटी मीही होते.

मी एका मराठी दैनिकाच्या न्यूज डेस्कवर बरीच वर्षं काम केलं. चमत्कार, भूतबाधा, अंगात येणं अशा बातम्या आल्या की मी वार्ताहराला एकच विचारायचे – प्रत्यक्ष कोणी पाहिलं? बहुतेक वेळा पुढे काही यायचं नाही आणि बातमी पडून राहायची. या प्रकरणात त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः आहे, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत. महाविद्यालयाचं नाव देत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आमच्याबद्दल जे समजून घेतलं, ते त्यांच्या जागी असते तर मीही समजले असते.

आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहतो, मी आणि मुलगा सौरभ. माझे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. त्यांची थोरली बहीण, कुंदाताई, पेणकरपाड्यात राहतात. माहेर रत्नागिरीकडचं. लहानपणी त्यांना सांधे सुजून ताप आला होता आणि त्या तापाने हृदयाची एक झडप कायमची अरुंद झाली. तिचं नाव मायट्रल. त्या अरुंद झडपेतून रक्त जाताना घरघर होते, तिला डॉक्टर मर्मर म्हणतात. ताईंना जिना चढताना दम लागतो, गोळ्या चालू असतात. बाकी घरचं सगळं त्याच करतात.

आता थोडं परीक्षेबद्दल, कारण ते माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला खरे पेशंट लागतात. वॉर्डातले निवासी डॉक्टर जुन्या, ‘चांगल्या’ पेशंटना फोन करून बोलावतात. चांगला म्हणजे ज्याच्या अंगात पुस्तकातली लक्षणं स्पष्ट सापडतात तो. सकाळी त्यांना नाश्ता मिळतो, गाडीभाडं मिळतं आणि एकेक बेड मिळतो. मुलं चिठ्ठी उचलतात. ज्या बेडचा नंबर निघेल त्या पेशंटशी बोलून, हाताने आणि कानाने तपासून आजार ओळखायचा. मग परीक्षक बेडपाशी येऊन विचारतात.

ताई अशा परीक्षांना वर्षानुवर्षं जात होत्या. वॉर्डात त्यांना मायट्रल मावशी म्हणायचे. त्यांना ते आवडायचं.

“पोरांचे हात म्हणजे बर्फ असतात गं वंदना,” त्या सांगायच्या. “मी आधीच दम देते, चोळा रे, गरम करा, मग लावा. आणि डाव्या कुशीला वळा म्हणायच्या आत मी वळलेली असते. मोठे सर हसतात. सर ओळखतात मला.”

मोठे सर म्हणजे मेडिसिनचे विभागप्रमुख. सौरभ त्याच महाविद्यालयात शिकत होता आणि मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाला होता. लेखी पेपर चांगले जायचे. पेशंटसमोर उभा राहिला, परीक्षकाने भुवई वर केली, की याचं डोकं रिकामं व्हायचं. बरोबरची मुलं इंटर्नशिप करत होती. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरचे शहाभाई लिफ्टमध्ये भेटले की विचारायचे, “भाभी, डॉक्टर साब का क्या हुआ? मेरा घुटना उन्हीं के लिए रोक के रखा है.” ते चेष्टेने म्हणायचे. मी जिन्याने जायला लागले होते.

तिसऱ्या वेळी परीक्षेच्या आधी पंधरवडाभर ताई घरी आल्या. त्यांना वॉर्डातून फोन आला होता.

“या वेळी मी आहे रे,” त्या सौरभला म्हणाल्या. “माझ्या अंगावर इतकी पोरं पास झाली, माझ्या भावाचं पोर तेवढं राहिलं. बस इथे. काढ तो स्टेथो.”

मग रोज संध्याकाळी आमच्या हॉलमधल्या दिवाणावर सराव. सौरभ विचारायचा, त्या उत्तरं द्यायच्या. तो छातीवर तळहात ठेवायचा, मग स्टेथोस्कोप. एकदा त्याने मलाही ऐकवलं. दोन ठोके, आणि त्यांच्या मध्ये, भिंतीपलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तशी घरघर. एकदा कळल्यावर न ऐकू येणं शक्य नव्हतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही मी ते ऐकलं. स्टेथोस्कोप मीच मागून घेतला होता.

तेव्हाच सौरभने विचारलं, “आई, माझ्या चिठ्ठीत आत्याच आली तर? सांगायला लागेल ना नातं?”

“कुणी विचारलं तर सांग,” मी म्हणाले. “कुणी विचारणार नाही. आत्या म्हणू नकोस तिथे.”

“मी कशाला ओळखतेय त्याला,” ताई म्हणाल्या. “कोण रे बाबा तू? कुठल्या गावचा?”

आम्ही तिघंही हसलो. सराव करणं गैर नव्हतं. नातं लपवायला सांगणं गैर होतं आणि ते मला त्या क्षणी माहीत होतं. ‘परीक्षेत गैरप्रकार’ हे शीर्षक मी स्वतः कितीतरी वेळा लावलं आहे.

दुसऱ्या दिवशी सौरभ आधी निघाला. मी ताईंबरोबर पेशंटची नातेवाईक म्हणून गेले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. आत काय झालं ते मी नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. दोघांचं सांगणं एकमेकांशी जुळतं.

सौरभच्या चिठ्ठीत ताईंचाच बेड निघाला.

तो यायच्या आधी ताई आडव्या होऊन वाट बघत होत्या. डाव्या कुशीवर झोपलं की त्यांना तो आवाज आतून जाणवतो, पहिल्यापासून. “फ्रिज बंद पडल्यावर घरात कसं होतं,” त्यांनी मला सांगितलं. “आधी काय झालं ते कळत नाही. मग कळतं, अरे, काहीतरी चालू होतं ते थांबलंय. तसं.” दुखलं नाही, चक्कर आली नाही. फक्त थांबलं.

सौरभ आल्यावर त्यांनी हळू आवाजात त्याला सांगितलं, “अरे, आज ते वाजत नाहीये.”

पलीकडे निवासी डॉक्टर उभे होते. सौरभ कागदावरून मान वर न करता म्हणाला, “मावशी, मी विचारेन तेवढंच सांगा.”

मग त्याने तपासलं. मग परीक्षक आले. मग मला आत बोलावलं.

हिरव्या पडद्याआड ताई बेडवर बसलेल्या होत्या, पदर छातीशी धरून. सौरभ पायथ्याशी उभा होता. मोठे सर होते, आणि दुसऱ्या शहरातल्या महाविद्यालयातून आलेल्या परीक्षक मॅडम. हृदयाची सोनोग्राफी करणारं छोटं इको मशीन बेडला लावून ठेवलेलं होतं, त्याचा स्क्रीन अजून चालू होता.

“तुम्ही या मुलाच्या आई?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“आणि या?”

“माझी नणंद.”

“यांनीच सांगितलं आम्हाला आत्ता. त्याला वाचवायला.” मॅडमचा आवाज चढलेला नव्हता. “तुमच्या मुलाने मला मर्मर सांगितला. कुठे ऐकू येतो, कसा, किती वेळ, कुठल्या कुशीवर वाढतो. इतकं सुंदर उत्तर मी या वर्षी ऐकलेलं नाही. या बाईंना मर्मर नाहीये.”

“काल संध्याकाळी मी स्वतः ऐकलाय,” मी म्हणाले.

मोठ्या सरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला. “ऐका.”

मी ऐकलं. दोन ठोके, स्वच्छ. मध्ये काहीच नव्हतं. मी जागा बदलून बघितली. ताई आपणहून डाव्या कुशीला वळल्या. तरीही काही नाही. गिरणी बंद होती.

सरांनी स्क्रीनकडे बोट केलं. झडप उघडत होती, मिटत होती. “ही पूर्ण उघडतेय,” ते म्हणाले. “अशी झडप माझ्या मुलीची असेल.”

“सर,” ताई म्हणाल्या, “मी मायट्रल मावशी. तुम्ही ओळखता ना मला.”

सरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनी खरोखर प्रयत्न केला.

“बाई, मी रोज इतके पेशंट बघतो... चेहरा नाही राहत माझ्या लक्षात. मायट्रल मावशींचा मर्मर माझ्या लक्षात आहे. तो झोपेतसुद्धा ओळखेन मी. तो या छातीत नाही.” मग ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, “खऱ्या पेशंट कुठे आहेत?”

मला प्रश्न समजायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं असं होतं की आम्ही ठरलेल्या पेशंटऐवजी दुसरी कोणीतरी बाई आणून झोपवली, मुलाला उत्तर पाठ करून पाठवलं, आणि चुकून निरोगी बाई आणली. तर्क सरळ होता. नातं लपवलेलं होतं. उत्तर तोंडपाठ होतं. बेडवर निरोगी हृदय होतं. परीक्षेच्या पेशंटचं ओळखपत्र कोणी बघत नाही, फोन केला की ते येतात. त्या वर्षीचे निवासी डॉक्टर नवे होते, जुन्या यादीतला नंबर फिरवलेला, ताईंना त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. ताईंचं आधार कार्ड आहे, मी म्हणाले. ताईंनी ते आणलं नव्हतं.

ताई ब्लाउजची बटणं लावायला लागल्या. एक बटण त्यांना लागेना, तेव्हा सौरभ पुढे झाला आणि मग थांबला.

आम्ही टॅक्सीने परत निघालो. सौरभ पुढे ड्रायव्हरशेजारी. दहिसरचा चेक नाका ओलांडल्यावर ताईंनी माझा हात धरला आणि पदराखाली छातीच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवला.

“आलं बघ,” त्या म्हणाल्या.

माझ्या तळहाताखाली थरथर होती. ठोक्यामागून ठोका, बारीक, मोबाइल व्हायब्रेटवर असावा तशी.

“सौरभ, ऐक रे एकदा.”

“आत्या, प्लीज.” त्याने मान वळवली नाही.

“अरे, आहे बघ. परत जाऊ या. सरांना दाखवू, आत्ताच्या आत्ता.”

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. “मॅडम, तबियत खराब है क्या? हॉस्पिटल वापस लूँ?”

इथे काय करायला हवं होतं ते उघड आहे. त्याच दिवशी, त्याच कपड्यांत, त्याच बाईला घेऊन त्याच वॉर्डात परत जायचं होतं. सर अजून तिथेच असणार होते. हे सगळं कळत असताना मी त्या पडद्याआड पुन्हा उभं राहायची कल्पना केली, आणि ड्रायव्हरला म्हणाले, “नहीं, सीधा चलो. मीरा रोड.”

ताईंनी माझा हात सोडला.

संध्याकाळी जेवताना मी सौरभला विचारलं, “तुला ऐकू आला होता का?”

“नाही.”

“मग सांगितलास कसा?”

“मला वाटलं माझेच कान. नेहमीसारखं.” तो ताटातला भात चिवडत होता. “असणारच होता ना तो. तूही ऐकला होतास.”

“आत्याने सांगितलं होतं तुला.”

“तिला ओळख दाखवायची नाही असं ठरलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मीरा रोडच्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे ताईंचा इको केला. झडप अरुंद, पूर्वी होती तेवढीच. मी त्यांना विचारलं, एखाद्या सकाळपुरती ही उघडू शकते का? ते म्हणाले की आवाज कधीकधी मंद होतो, घाईत सुटूही शकतो, पण अरुंद झालेली झडप तासाभरासाठी पूर्ण उघडून पुन्हा मिटत नाही. मशीनची चूक? त्याच मशीनवर त्या दिवशी इतरही पेशंट पाहिले गेले होते, त्यांचे निष्कर्ष बरोबर होते. हे मी नंतर विचारून घेतलं.

महाविद्यालयाने चौकशी समिती नेमली. आम्हाला बोलावलं. ताईंनी या वेळी आधार कार्ड आणलं होतं, जुनी फाइल आणली होती, नवा इको आणला होता. समितीतल्या एका प्राध्यापकांनी सगळं पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, “मॅडम, या आजारी आहेत हे आम्हाला मान्यच आहे. प्रश्न त्या दिवशी बेडवर कोण होतं हा आहे.”

मोठे सरही समितीत होते. त्यांनी ताईंना शेजारच्या खोलीत तपासलं. मी दारात होते. स्टेथोस्कोप लावल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा जुना ओळखीचा माणूस भेटावा तसा झाला.

“हां,” ते म्हणाले. “याच मावशी.”

“ओळखलंत?” ताईंनी विचारलं.

“ओळखलं.”

“मग आता जरा तोंडाकडे बघा, सर. त्या दिवशी हेच होतं.”

सरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्टेथोस्कोपची नळी बोटाभोवती गुंडाळत म्हणाले, “असेल. पण मी तसं लिहून देऊ शकत नाही, मावशी. मला खरंच आठवत नाही.”

ताई त्यांना ‘बरं’ म्हणाल्या. दोन हात जोडून नमस्कार केला. त्या खोलीतून बाहेर येताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि घरी येईपर्यंत ‘सर ओळखतात मला’ हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. त्या दिवशी टॅक्सी परत फिरवली असती तर सरांना चेहरा आठवायची गरजच पडली नसती.

समितीचा निष्कर्ष असा – उमेदवार आणि पेशंट यांचं नातं लपवलं गेलं, हे सिद्ध. पेशंट बदलला गेला, हे सिद्ध होत नाही. दोन इकोंमधल्या फरकाबद्दल अभिप्राय नाही. सौरभची ती परीक्षा रद्द झाली. पुढच्या सत्राला बसायची परवानगी मिळाली.

मी त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार डॉक्टरांना हे सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर प्रत्येकाने शेवटी तेच विचारलं, अतिशय संकोचाने – तिथे नेलेल्या बाई त्याच होत्या याची तुम्हाला खात्री आहे ना? मला खात्री आहे. मीच त्यांना घेऊन गेले होते. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही, आणि माझ्या शब्दाला या प्रकरणात फारशी किंमत उरलेली नाही, हेही मला मान्य आहे.

पुढच्या सत्रात सौरभच्या चिठ्ठीत यकृताच्या आजाराचे एक गृहस्थ आले. त्याने त्यांना पोटात पाणी आहे का ते तपासलं आणि परीक्षकांना सांगितलं की मला नीट कळत नाहीये, पुन्हा एकदा बघू का. त्यांनी बघू दिलं. तो पास झाला. शहाभाईंनी लिफ्टमध्ये त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गुडघ्याची वेळ मागितली.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन पेणकरपाड्यात गेलो. ताईंनी पेढा आधी देवापुढे ठेवला, मग भावाच्या फोटोपुढे, मग स्वतः खाल्ला. सौरभ वाकून पाया पडला. त्याच्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या, “झालास बाबा एकदाचा.”

तो थोडा वेळ बसला. मग त्याने बॅगेतून स्टेथोस्कोप काढला, त्याचं गोल तोंड तळहातावर चोळून गरम केलं आणि म्हणाला, “आत्या, एकदाच.”

ताईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

“चहा घेशील ना?” त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

या वर्षीच्या परीक्षेसाठी वॉर्डातून त्यांना फोन आला होता. त्यांनी तो उचलला नाही. दर वर्षीचा इको करायची तारीख उलटून गेली आहे. गोळ्या चालू आहेत. समितीपुढच्या त्या तपासणीनंतर त्यांनी कुणालाही छातीला स्टेथोस्कोप लावू दिलेला नाही.